धुऱ्यावरचा दगड

“माहं गाव मले कागदावर ओळखू येत नाही,” चंद्रभान पटवारी एकदा म्हणाला होता.

बापामागून वाडीचं दफ्तर त्याच्याकडे आलं. कोणाचं शेत कुठवर, हे तो चालत चालत सांगे. बाभळीपासून सत्तर पावलं, मग नाला. चाळिशी उलटल्यावर सरकारचा हुकूम आला: मोजणीची परीक्षा पास नसेल त्याचं दफ्तर जाईल. मग नागपूरच्या पटवारी वर्गात तो विशीतल्या उमेदवारांच्या ओळीत बसला. मोजणीची साखळी ओढली, पट्टीने रेघ मारायला शिकला. रेघ वाकडीच जायची.

“काका, तुमची रेघ पिऊन चालली का?” शेजारचे विचारायचे. तोही हसायचा.

परीक्षा ज्याच्या त्याच्या गावात. पास झालेला नकाशा सरकारी दफ्तरात जाणार होता. थंडीतल्या एका सकाळी परीक्षक गोपाळराव वाडीला आले. आंब्याखालच्या राहुटीत टेबल मांडलं. चंद्रभानने शेतं मोजून कागद पुढे ठेवला.

“सगळं बरोबर,” गोपाळराव मापं ताडत म्हणाले. “हा धुऱ्यावरचा, शेताच्या हद्दीचा दगड मात्र साखळीच्या पंचवीस कड्या चुकला.”

“चुकला नाही, साहेब. तो तिथंच होता. प्रयागबाईचा मालक मेला अन् शेजारच्या ताराचंदनं तो तिच्या वावरात सात पावलं आत सरकवला. साऱ्या गावाले मालूम आहे.”

“गावालाच विचारायचं, तर साखळी कशाला दिली तुम्हाला? दगड आज आहे तिथे काढा. तक्रार तिने तहसिलीत करावी.”

“इधवा बाई, साहेब. तहसिलीत तिचं कोण आयकते?”

“ते नकाशात काढता येत नाही, चंद्रभान.” गोपाळरावांनी रबर पुढे सरकवलं. “खोडता, की नापास लिहू?”

सात पावलं कागदावर तिळाएवढी होती. चंद्रभानने रबर उचललं. इतक्या महिन्यांत ही एकच रेघ सरळ आली होती. मग त्याने ती खोडली. कागद तिथे मऊ पडला. नवी रेघ प्रयागबाईच्या शेतातून गेली.

गोपाळरावांनी पट्टी लावली, सही केली. “हात बसला तुमचा,” ते म्हणाले, आणि त्यांना खरंच बरं वाटलं होतं.

राहुटीच्या तोंडाशी प्रयागबाई सकाळपासून बसून होती. ती उठली, पदर सावरला.

“भाऊ, माहा दगड कुठी काढला गा?”

चंद्रभानने दफ्तर काखेत धरलं, चपला पायात सरकवल्या आणि तिला वळसा घालून बाहेर पडला.