'इतर' कार्यक्रमाच्या खुर्च्या

दुसऱ्याच्या मरणाची आगाऊ तयारी ठेवणारा माणूस अख्ख्या ब्रह्मपुरीत एकच होता, आणि तो म्हणजे आमचे बिछायतवाले चाचा. मांडव, सतरंज्या, स्वयंपाकाचे गंज आणि प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्यानं देण्याचा त्यांचा धंदा. लग्नाच्या भाड्यासाठी ते मुलीच्या बापाशी तासभर हुज्जत घालत. मयतीच्या घरी मात्र खुर्च्या आणि ताडपत्री न मागता, फुकट पोचवत. "रडनाऱ्याले बसाले तरी पाह्यजे ना, भाऊ," एवढंच त्यांचं म्हणणं. जगात बाकी कशाचा त्यांना एवढा घोर नव्हता.

गावात ब्रॉडबँड आलं आणि नागपूर-पुण्याला गेलेली पोरं तिथूनच बुकिंग मागायला लागली, तसं चाचांनी धंद्याचं पान इंटरनेटवर चढवलं. त्यांच्या दुकानाशेजारीच माझं नेट कॅफे होतं. चप्पल बाहेर काढून ते आत येत, माउसवर रुमाल टाकून मगच त्याला हात लावत. मध्येच लाइट गेली तरी हलायचे नाहीत. "आपल्या इथी गेली. ते तिकडं चालूच असन," म्हणत अंधारात पडद्यासमोर बसून राहायचे.

अडचण वेगळीच निघाली. पूर्वी कोणी वारलं, की चाचा एखाद्या लग्नातल्या खुर्च्या गुपचूप कमी करून तिकडे धाडत. आता ते पान शेवटची खुर्चीसुद्धा परस्पर लग्नाला देऊन टाकी. म्हणून चाचांनी थोड्या खुर्च्या आधीच अडवायला सुरुवात केली. पण नाव आणि तारीख भरल्याशिवाय पान पुढे सरकेना. मग दवाखान्यासमोरच्या टपरीवर चौकशी करून ते गावातल्या आजाऱ्यांची नावं टाकू लागले. कार्यक्रमाच्या रकान्यात लग्न, साखरपुडा, वाढदिवस आणि इतर एवढंच होतं. चाचांनी मरण 'इतर'मध्ये बसवलं. आजारी माणूस त्या तारखेपर्यंत तगला, की तारीख आठ दिवस पुढे ढकलत आणि त्या आनंदात मला चहा पाजत. मी हसून बेजार व्हायचो.

एकदा धनराजभाऊंचा नागपूरचा मुलगा बहिणीच्या लग्नासाठी ते पान उघडून बसला, आणि त्याला तिथं आधीच्या बुकिंगच्या यादीत 'इतर'समोर खाटेला खिळलेल्या बापाचं नाव दिसलं. दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीनं तो माझ्या कॅफेत हजर.

"माह्या बापाले जितेपनीच मारून राह्यले काय, चाचा?"

"नाई बापा," चाचा शांतपणे म्हणाले, "त्याईच्यासाठी जागा धरून ठेवली."

यावर काय झालं असेल ते सांगायला नको. गर्दी जमली. जो तो आपल्या घरच्या म्हाताऱ्याचं नाव शोधू लागला. चाचांनी सगळ्यांसमोर एकेक नाव पुसलं. मोकळ्या झालेल्या खुर्च्या संध्याकाळपर्यंत लग्नवाल्यांनी उचलल्या. "आता कोनी गेलं त मी काय करू?" असं ते मला दोनतीनदा विचारत होते.

त्याच वर्षी मे महिन्यात चाचा गेले. दुपारी मांडवाचे बांबू मोजता मोजता खाली बसले ते उठलेच नाहीत. गावात लग्नंच लग्नं, आणि दुकानात एक खुर्ची नव्हती. त्यांच्या अंगणात ऊन नुसतं भाजत होतं, आणि आम्ही भिंतीच्या वीतभर सावलीला चिकटून उभे होतो.

धनराजभाऊ मधल्या काळात खाटेवरून उठले होते. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ते आले. कॅफेतल्या भांडणाचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी अंगणभर पाहिलं.

"खुर्च्या काऊन नाई लावल्या?"

दुकानात एकही उरली नाही, असं मी सांगितलं.

"माह्या नावानं ठेवल्या म्हनून चाचाच सांगून गेला होता ना मले? त्याच लावा त्याच्यासाठी. मले आत्ता नाई लागत."

मुलगा मान खाली घालून उभा राहिला. मला रडू आवरेना. शेजारच्या घरून कोणी खाट आणून टाकली, पण धनराजभाऊ बसले नाहीत. जनाजा निघेपर्यंत ते काठीवर भार देऊन उभे होते, आणि मुलानं त्यांच्या डोक्यावर आपल्या खांद्यावरचा दुपट्टा धरला होता.