दम धरा

"टेस्ट तुम्हीच आणली मास्तर, आता तिचं ऐका. सुखदेव बाद." एवढं बोलून हेडमास्तर चष्मा पुसायला लागले.

माझं डोकंच फिरलं. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मंगरूळपीरच्या शाळेत मी ड्रिल मास्तर होतो. अकोल्याच्या खेळांच्या मीटला लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी एकच पोट्टा न्यायचा होता. इंझोरीचा सुखदेव रोज सगळ्यांना मागे टाकायचा. त्याच्या बापाने साफ सांगून ठेवलं होतं, अकोल्याला निवड झाली तर शाळा, नाही तर वावर. आणि टेस्टमध्ये नेमका तोच शेवटचा.

ही स्टेप टेस्ट मी ट्रेनिंगमध्ये शिकून आलो होतो. गुडघ्याएवढ्या बाकावर तालात चढ-उतर करायची, मग खाली बसवून मनगटाची पल्स मोजायची. ज्याची पल्स लवकर खाली येते त्याचं काळीज दमदार, तो लांब पळणार. इतकं साधं. सुखदेवची पल्स मात्र उतरायचं नावच घेईना. मोजताना माझी नजर घड्याळावर, पोराच्या तोंडाकडे बघतो कोण?

संध्याकाळी तो मैदानात चुन्याच्या रेषेवर मान खाली घालून बसला होता. ताप-बिप होता काय, म्हणून विचारलं. नाही म्हणाला.

"मंग बाकावरून उतरल्यावर तू केलं काय?"

"तुमीच त म्हणाले गुरुजी, दम धरा. म्या धरला. सुटला की पुना धरला."

मी कपाळावर हात मारला. दम धरा म्हणजे जरा थांबा. बाकीचे पोट्टे थांबले. पण मैदानावर मी याच्यावर रोज ओरडायचो, दम सांभाळ, दम सोडू नको. या भल्या माणसाने श्वासच कोंडून धरला होता.

हेडमास्तरांना काही केल्या पटेना. म्हटलं, सर, एकदा जिना चढून या अन् श्वास धरून बसून पाहा. बिचारे बसले. लालबुंद झाले, पल्स काही उतरेना, मग पोट धरधरून हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा टेस्ट घेतली. सुखदेवची पल्स सगळ्यांच्या आधी उतरली.

अकोल्यात तो तिसरा आला. टेस्टने आमच्यातला पहिला सांगितला होता, अकोल्याचे पोट्टे तिने कुठं पाहिले होते? पण बापाने शब्द पाळला. पोरगा मॅट्रिक झाला, एसटीत चिकटला. त्यानंतर मी टेस्टच्या वेळी फक्त 'थांबा' म्हणायचो.

परवा मंगरूळच्या स्टँडवर मालेगावची गाडी सुटताना दिसली अन् या वयात मी धावलो. धाप लागली. खाकी कपड्यातल्या, केस पिकलेल्या कंट्रोलरने शिट्टी मारून गाडी थांबवली, जवळ आला अन् माझं मनगट धरलं. बोटं बरोबर पल्सवर.

"गुरुजी," सुखदेव म्हणाला, "दम घ्या. धरू नका."