कोणाचीच नाही ती गादी

"गादी चांगली हाये. पन हे माही नाही."

हैदरने तोंडाशी नेलेली चहाची बशी तशीच खाली आली. "तुहीच तं हाये अम्मी. कापूस पिंजला, खोळ बदलली. म्हनून नवी वाटून राह्यली."

"मले शिकवतं काय बे गादी? तू पाळन्यात होता तवापासून टाके घालून राह्यलो मी."

चांदबी गादीवरून उठली, भिंतीला टेकून बसली आणि लेकाच्या तोंडाकडे पाहत राहिली. हैदरने बायकोकडे, मुबीनाकडे पाहिलं. मुबीना शिलाई मशीनवर खोळ शिवत होती. तिने मान वर केली नाही.

चांदबी वडनेर भोलजीची. नवरा पिंजारी. खांद्यावर कापूस पिंजायची धुनकी टाकून तो गावोगाव फिरायचा, लोकांच्या अंगणात ताडपत्री अंथरून गाद्या पिंजायचा, आणि चांदबी मागून टाके घालायची. त्या धंद्याचा एकच नेम होता. एका घरचा कापूस दुसऱ्या घरच्या कापसात मिसळायचा नाही. पिवळा पडलेला असो, गाठी झालेला असो, ज्याचा त्यालाच परत. एक गादी झाली की चांदबी ताडपत्री झटकायची, ओढणी झटकायची, मगच दुसरी उसवायला द्यायची. एकदा ओढणीला चिकटून आलेलं कापसाचं चिमूटभर बोंडूक ती गावातल्या रुखमाबाईला परत द्यायला गेली.

रुखमाबाई हसून हसून खाली बसली. "काय व चांदबी, येवढ्याशा कापसाची तं वात बी व्हत नाही."

"नोको होऊ. पन तुहा हाये."

नवरा गेला. हैदरने धुनकी सोडून पिंजायची मशीन घेतली. पण तोवर नांदुऱ्याहून टेम्पोत भरून फोमच्या गाद्या यायला लागल्या, अन् जुनी गादी उसवून परत भरायची ही गोष्टच लोक विसरले. मशीनवर घरातले कपडे वाळायला लागले, तेव्हा हैदरने शेगाव धरलं. मंदिराकडचं भाडं आवाक्यातलं नव्हतं. कॉलेजच्या अंगाला मात्र टिनाच्या दोन खोल्या आणि मागं पडवी परवडण्यासारखी मिळाली. चारी बाजूंनी पोरांच्या रूमा. पोरगा आला की त्याला गादी लागते. शिकून गेला की गादी तिथंच टाकून जातो. रूममालक ती हैदरला देतात, हैदर पिंजून, नवी खोळ चढवून पुढच्या पोराला देतो. धंदा बसला. लेकीला, रुबिनाला इथंच अकरावीला जागा मिळाली. आता मागं फिरायचं म्हटलं तर पोरीचं शिक्षण मोडणार.

चांदबीला मात्र हातापाया पडून आणावं लागलं. एक तांब्या, दोन लुगडी आणि आपली गादी, एवढं घेऊन ती टेम्पोत बसली. पडवीतला कापसाचा ढीग पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिने विचारलं होतं, "हा कोनाचा हाये?"

"कोनाचाच नाही, अम्मी. पोरं टाकून गेले."

तिने ढिगाला हात लावला नाही. टाके घालायलाही बसली नाही. हैदरला तेव्हाच धाकधूक लागली, अम्मी इथं टिकते का नाही. वडनेरच्या बंद घरात ती एकटी राहिली आणि काही झालं तर?

म्हणून ती पुतणीच्या लग्नाला नांदुऱ्याला गेली तेव्हा त्याने तिची गादी उन्हात टाकली. चांगल्या मनाने. नेमका त्याच दिवशी गुलाबराव रूमवाल्याचा सांगावा आला, नवी पोरं आली, सात गाद्या आजच पाहिजेत. पोरांच्या गाद्यांच्या अन् घरातल्या सगळ्या खोळी मुबीनाने एकाच निळ्या पट्ट्यांच्या ताग्यातून शिवलेल्या. अम्मीचीही. घाईत हैदरने उन्हातल्या गाद्या एकामागून एक उसवल्या आणि मशीनमध्ये कोंबल्या.

सांजेला मुबीना म्हणाली, "रुबिनाचे अब्बा, अम्मीची गादी कुठी हाये?"

मग नवा, लांब धाग्याचा कापूस आणून त्याने तशीच गादी केली. निळे पट्टे, तितकेच टाके. अम्मी आली, तिच्यावर एक रात्र निजली, आणि सकाळी हे.

"माह्या हातानं गेली, अम्मी," हैदर शेवटी म्हणाला. "गुलाबरावच्या गाद्यांत. मले दिसलंच नाही. पन हा कापूस तुह्या कापसापेक्षा भारी हाये."

"भारी असन." चांदबी म्हणाली. "पन माह्या कापसात तुहा बाप होता."

"म्हंजे?"

"लोक म्हने, मेलेल्या मानसाची गादी देऊन टाकत असतात. मी नाही देली. धुनकी काढली, त्याचा कापूस न माहा कापूस एक जागी पिंजला. उभ्या जल्मात तेवढाच मिसळला."

हैदर तसाच उठला आणि गुलाबरावच्या रूमांवर गेला. दार उघडणारा पोरगा डोळे चोळत म्हणाला, "काय काका, गादी वापस न्यायले आले काय?" हैदरने वाकून गादीवर हात दाबला. मग शेजारच्या खोलीतली दाबली, मग त्याच्यापुढची. सगळ्या सारख्याच मऊ. त्याच्याच हाताचं काम.

"ढेकून गिकून झाले काय हो?" पोराने विचारलं.

"नाही. झोप तू."

घरी येऊन तो अम्मीसमोर उकिडवा बसला. "साती गाद्यांत गेला. निघत नाही आता."

"मिसळलेला कापूस कुठी निघत असते," चांदबी म्हणाली. "उद्याच्या गाडीनं मी वडनेरले जातो."

"एकटी? काऊन पन? मी चुकलो, दोन थापडा मार."

"तुह्यावर राग नाही बापा. तुहं लेकरू इथं शिकून राह्यलं, तू इथंच राहाय. मले तिथं तुह्या बापाच्या कबरीची जागा तं ठाऊक हाये."

सकाळी त्याने तिला एसटीत बसवलं. नवी गादी टपावर चढवायला निघाला तर ती खिडकीतून म्हणाली, "ते नोको. कोन्या पोराले देऊन टाक. मले चटई हाये." गाडी वळेपर्यंत तिने मागं पाहिलं नाही. हैदर गादी डोक्यावर घेऊन परत आला.

दारात एक पोरगा पिशव्या घेऊन उभा होता, मलकापूरकडचा. त्याला आजच गादी पाहिजे होती. डोक्यावरची गादी पाहून म्हणाला, "हे कोनाची हाये, काका?"

मुबीनाचे हात मशीनवर थांबले.

"कोनाचीच नाही," हैदर म्हणाला. "घेऊन जाय."

पोरगा गेल्यावर त्याने तोंडाला रुमाल बांधला, ढिगातला कापूस कवेत घेतला आणि पिंजायची मशीन सुरू केली.