सहाचे सात

बापू पैनगंगेपलीकडून, निजामाच्या मुलखातून, ऐन विशीत वणीला आले आणि सरकी काढायच्या एका जिनात कापसाचे बोजे वाहू लागले. पस्तीस वर्षं त्यांनी तेच काम केलं. त्याच मजुरीवर मी बी.ए. झालो. आमच्या घरात सही करणारा मी पहिला.

म्हातारपणी त्यांना परत जायचं होतं. गावाजवळ दोन एकर घ्यायचं होतं. पलीकडे निजामाचा हाली रुपया चाले. इकडच्या सहा रुपयांना तिकडचे सात मिळत. बापूंना वाटे, नुसती नदी ओलांडली की रुपया वाढतो. म्हणून दर हंगामाअखेर ते पलीकडे जाऊन शिलकीच्या हाली नोटा करून आणत. मला कधी बोलले नाहीत. ते जाणार म्हटल्यावर मी अडवीन, अशी धास्ती असावी.

निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत त्यांचं पलीकडे जाणं थांबलं. पुढे हाली बंद झाली. मुदतीत नोटा बदलून घ्या, असं पेपरात आलं होतं. मी ते वाचलं आणि पान उलटलं.

साठ सालच्या सुमारास त्यांचा दमा फारच वाढला. जिनातला मुकादम बापूंना म्हणाला, “अन्ना, आता घरी बसा. पोरगं मास्तर झालं नं तुमचं!”

“बसतो नं. आपल्या गावाले जाऊन बसतो.”

घरी येऊन त्यांनी पेटीतलं गाठोडं माझ्यापुढे सोडलं. “जमिनीचं पाह्य आता.”

सगळ्या हाली नोटा. मी एकेक उलटून पाहू लागलो.

“काहून रे? कमी हायेत का?”

“बापू, हे आता चालत नाई.”

“काहून नाई चालत? सहाचे सात केले म्या!”

मी त्यांना यवतमाळला ट्रेझरीत नेलं. कारकून भला होता, साहेबांनाही विचारून आला. “मुदत संपली, बाबा.”

“साताचे सहा द्या,” बापू म्हणाले. त्याने नोटा परत सरकवल्या. “बरं, पाच द्या. दोन तरी द्या, साहेब.”

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

गावाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. ते माझ्याकडे चार वर्षं जगले. ज्यांनी मला शिकवलं, ते माझ्या घरी एका भाकरीवर उठत. दुसरी वाढायला गेलं की “फुकटची कायले?” म्हणत ताटावर हात आडवा धरत. भूक असे, ते मला दिसे.