बाटलीतला बुडबुडा

आमच्या प्रयोगशाळेतले बाटलीकाका तीस वर्षं एकच काम करत आले. तळ्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव पाण्यासकट बाटलीत भरायचे, बूच घट्ट लावायचं आणि चार तासांत त्यांनी किती प्राणवायू संपवला ते मोजायचं. पाणी कोमट असलं की ते भराभर श्वास घेतात. आत हवेचा बुडबुडा राहिला, तर त्यांना फुकटचा श्वास मिळतो आणि आमचं सगळं मुसळ केरात! काकांकडून ही चूक कधीच झाली नव्हती.

यंदा तळं तापलं, काकाही थकले. तिसऱ्या पायरीवरच धाप लागायची.

काल कोमट बाटलीत भलामोठा बुडबुडा दिसला. मी वैतागले, "अहो काका, हा राहिला कसा?"

कपाळ पुसत ते म्हणाले, "राहिला नाही, बाई. ठेवलाय."