आधी बातमी, मग चहा

बिराजदार सर वर्गात आले की काही न बोलता आमच्यापैकी कुणाचं तरी ब्लॉगवरचं एक वाक्य फळ्यावर लिहायचे आणि ज्याचं वाक्य त्याच्या हातात डस्टर द्यायचे. ठेवायचं की पुसायचं, ते त्यानं ठरवायचं. नळदुर्गात हायवेला लागून, टायरच्या दुकानावर त्यांचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. आम्ही सगळे इंजिनिअर झालेले, पण कंपनीचा इंग्रजी मेल लिहायचा म्हटलं की घाम फुटायचा.

दर आठवड्याला कंपनीत घडेल असा एखादा प्रसंग वर्गाच्या ब्लॉगवर इंग्रजीत लिहायचा आणि बाकीच्यांनी खाली शेरे मारायचे. वहीत का नको, असं मी विचारलं. सर म्हणाले, वही मी एकटाच बघतो. चार लोक वाचणार म्हटलं की माणूस नीट लिहितो.

माझं मात्र गाडं अडलं होतं. दोन कंपन्यांच्या लेखी परीक्षेत मी आपटले होते. तिसरीतही तेच झालं तर मुकाट वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या कापडदुकानात बसायचं, असं घरी ठरलं होतं. त्या आठवड्याचा विषय होता, काम वेळेत होणार नाही हे साहेबाला कळवा. मी साहेबाची तब्येत विचारली, सणाच्या शुभेच्छा दिल्या, आभार मानले आणि काम अडल्याचं अगदी निघता निघता सांगितलं. आमच्याकडं रीतच तशी. वाईट खबर घेऊन आलेला माणूससुद्धा आधी पाऊसपाणी विचारतो.

"अगं, साहेबाकडं सोयरीक घेऊन गेलीस का काय?" सर म्हणाले. "आधी बातमी सांग, मग चहा."

तो लेख मी कितीदा मोडून लिहिला, देव जाणे. तिसऱ्या परीक्षेत बातमी पहिल्या ओळीत ठेवली आणि पुण्यात नोकरीला लागले.

यंदा उन्हाळ्यात सरांचा फोन आला. जेवलीस का, पुण्यात ऊन कसंय, आप्पांचं दुकान कसं चाललंय. आवाज घोगरा येत होता आणि विचारणं काही संपेना.

"सर, आधी बातमी," मी म्हणाले.

मागं ट्रकचा आवाज होता, त्यातूनच सर म्हणाले, "गळ्याचं ऑपरेशन हाय गं. आवाज जाणार म्हणतेत. आधी बातमी सांगायला मलाच न्हाय जमलं बघ."

ऑपरेशननंतर वर्गाच्या ब्लॉगवर सरांचा इंग्रजी लेख आला. पहिली ओळ होती, माझा आवाज गेला. त्याखाली, मी बरा आहे. सोमवारपासून वर्ग इथंच, ब्लॉगवर भरेल. आणि शेवटी, डॉक्टर अजून चहा पिऊ देत नाहीत, माझ्या वाटचा तुम्ही प्या.

मी ऑफिसातच रडले. मग कॅन्टीनमध्ये जाऊन सरांच्या वाटचा चहा प्यायले.