समुद्र शांत आहे
बसवनगुडीत वीज गेली की आमच्या इमारतीचा जनरेटर सुरू होतो, आणि डिझेलच्या त्या वासाने मला अंदमानातल्या एका बेटाची जेटी आठवते. तिरका पाऊस येत होता, लाल बावटा लागला होता आणि आमची परतीची बोट रद्द झाली होती. इकडे बेंगळुरूत अण्णा, म्हणजे माझे वडील, दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते. एक कोळी आपल्या होडीतून न्यायला तयार झाला. नवरा म्हणाला, "जाऊ या, बघू काय होतं ते." मी लाइफ जॅकेटं मागितली. "ती कुठली मॅडम, घट्ट धरून बसायचं," कोळी हसला. मी नको म्हटलं. तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. "अक्का, स्वल्प बोल त्यांच्याशी. तू बोटीत बसलीस असं सांगितलंय मी." मग अण्णांचा बारीक झालेला आवाज आला, "जॅकेट घातलंस काय गं?" "घातलंय, अण्णा." "आणि समुद्र?" लाटा जेटीवर आपटून माझ्या पायांवर येत होत्या. "शांत आहे," मी म्हटलं. "मग सावकाश ये," ते म्हणाले. संध्याकाळी ते गेले. आता ओळखीचं कुणी बेटांवर निघालं की मला विचारतं. मी सांगते, भाड्याच्या स्कूटरवरही हेल्मेट घाला, लाल बावटा दिसला की पाण्यात उतरू नका, परतीसाठी एक दिवस जास्तीचा ठेवा. तो मीही ठेवला होता, एवढं मात्र सांगत नाही.